चौकटीबाहेरची फळी

कायझर्सलाउटर्न,
रविवार, दुपार

प्रिय निरू,

हात सवयीने 'चि. निरंजन' लिहायला निघाला होता. 'चि' उमटलं आणि पेन थांबलं. चिरंजीव! मला लिहिता येऊ लागलं तेव्हापासून मी तुझ्या नावाआधी हे अक्षर लावत आले. आता त्याच्या जागी जे दुसरं अक्षर लावायची रीत आहे, ते माझ्याच्याने लावलं जाणार नाही. म्हणून 'प्रिय'. हा शब्द तू असताना मी तुला एकदाही लिहिला नव्हता. का बरं नव्हता लिहिला? शिस्त बिघडेल अशी भीती वाटत होती का मला?

तुला जाऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत मी असलं पत्र लिहिलं नाही, कारण मृतांना पत्रं लिहिणाऱ्यांविषयीचं माझं मत तुला ठाऊक आहे. उत्तराची शक्यता नसलेला पत्रव्यवहार म्हणजे निव्वळ भावविवशता, असं मी आईलासुद्धा सुनावलं होतं. ती बाबांच्या फोटोशी बोलायची तेव्हा. आज मी ते मत मागे घेते. मागे घ्यायच्या गोष्टींची माझी यादी आज सकाळपासून बरीच वाढली आहे. ही तिच्यातली सर्वांत लहान.

काल तुझी गौरी आली होती. दारातच तिने पिशवीतून एक डिस्क काढून माझ्या हातात ठेवली.

"ताई, त्याच्या खेळाच्या बॅगेत सापडली. तुमच्यासाठी आहे."

"कशावरून?"

"वाचा ना. वर लिहिलंय."

पांढऱ्या चिकटपट्टीवर तुझं ते डावीकडे कललेलं अक्षर: 'ताईसाठी'. मी गौरीला म्हटलं, ज्या माणसाने जन्मात मसाल्याच्या एका बरणीवर चिठ्ठी लावली नाही, त्याने डिस्कवर नाव घातलं? गौरी हसली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "वर्षभर शनिवार-रविवार हेच करत बसायचा. मी विचारलं तर म्हणायचा, परीक्षेचा अभ्यास चाललाय."

परीक्षा! कोणाची, ते मला आज कळलं.

आज सकाळी नऊला मी ती डिस्क लावली. आता दोन वाजत आलेत. बाहेर रविवारची ती इथली शांतता आहे, जिच्यात शेजाऱ्याने खिळा ठोकला तरी लोक दार वाजवतात. मी जेवलेले नाही. मला धक्का बसला आहे, निरू. हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तो वापरला नव्हता. तेव्हा जे झालं त्याला शब्दच नव्हता. आज मात्र आहे. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, मी आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला ती गोष्ट माझ्या हातात मोडली.

पण क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर मी काहीच लिहू शकणार नाही.

तुला आठवतं, तू मला हा खेळ पहिल्यांदा समजावलास तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर? शेजारी अमेरिकन सैनिकांची वस्ती असल्यामुळे या गावात अमेरिकन फुटबॉल रुजला, हे मला माहीत होतं. पण पुण्याहून आलेला, पंचावन्न किलोंचा, चष्मा लावणारा माझा भाऊ त्या आडदांड लोकांच्यात जाऊन आधी खेळतो काय आणि पुढे त्यांना शिकवायला लागतो काय! मी चहा करत होते. तू डबे उघडून दाणे मांडलेस.

"हे चार शेंगदाणे. ह्यांचं काम एकच. चेंडू हलला की समोरची भिंत फोडून घुसायचं आणि ह्या काजूला लोळवायचं. ह्याला म्हणायचं रश. काजू चेंडूसकट लोळला की ती झाली सॅक."

"काजू कोण?"

"क्वार्टरबॅक. चेंडू फेकणारा. समोरच्या संघाचा मेंदू, म्हणून काजू."

"आणि अन्नाशी खेळणारा हा कोण?"

"मी तुझा भाऊ. ऐक ना! काजूचे गडी चेंडू झेलायला लांब पळतात. हे मनुके. आणि प्रत्येक मनुक्याला चिकटून माझा एकेक मोहरीचा दाणा. ही माझी मागची फळी."

"मोहरी इथून दिसतसुद्धा नाही."

"तेच तर, ताई!"

मी चहा गाळता गाळता विचारलं, शेंगदाणे लवकर पोचतात म्हणून काजूला मोकळा मनुका सापडत नाही, की मोकळा मनुका सापडत नाही म्हणून शेंगदाण्यांना पोचायला वेळ मिळतो? तू टेबलावर थाप मारलीस. मोहरी जमिनीवर सांडली. "लोक ह्यावर जन्मभर भांडतात, आणि तू चहा व्हायच्या आत तिथे पोचलीस!"

मी पोचले होते, हे खरं. योग्य प्रश्नापाशी मी नेहमीच लवकर पोचते. दुःख हे की तिथे थांबत नाही. त्या दिवशी मोहरी झाडून काढेपर्यंत माझं उत्तर तयार होतं: रश. कारण रश मोजता येते. चेंडू हातात आल्यापासून माणूस लोळेपर्यंत किती सेकंद, कोणी लोळवला, किती वेळा. मागची फळी काय करते? पळते. पळून काय होतं? कधी चेंडू सुटतो, कधी नाही. ज्याचं माप घेता येत नाही त्याच्याविषयी मी आदराने गप्प बसते, असं मी तुला म्हटलं. गप्प मात्र बसले नाही.

मग तुझ्या क्लबने मला सामन्यांचं विश्लेषण करायला बोलावलं. तूच सुचवलं होतंस ना? "माझी बहीण मापनशास्त्रात काम करते, तिच्यासारखं कोणी मोजत नाही," असं सांगितलं होतंस म्हणे. पहिल्या दोन सामन्यांची चित्रफीत पाहून मी कपाळाला हात लावला. सगळं मैदान एका चौकटीत! माणसं मुंग्यांएवढी, जर्सीचे आकडे दिसत नाहीत, चेंडू हातातून सुटतो तो क्षण दिसत नाही. मी कॅमेरा सांभाळणाऱ्या होर्स्टसाठी नऊ कलमांची सूचना लिहिली, लॅमिनेट केली, आणि कॅमेऱ्याच्या मचाणाच्या कठड्याला स्वतः बांधली. चौथं कलम मला पाठ आहे: चेंडू फेकणारा माणूस चित्राच्या एक तृतीयांशाहून लहान दिसता कामा नये.

"ताई," तू म्हणालास, "होर्स्टला तू लॅमिनेट केलेला कागद दिलास. आता देव मैदानात उतरला तरी हा झूम कमी करणार नाही."

"मग उत्तम."

"आणि माझे मागचे?"

"चेंडू त्यांच्याकडे गेला की कॅमेरा जाईलच. तेव्हा दिसतील."

"हो," तू म्हणालास. "तेव्हा दिसतील."

इतकंच म्हणालास. मी ती संमती समजले. निरू, तू भांडला का नाहीस? लहानपणी कॅरममध्ये राणी घेण्यावरून घर डोक्यावर घेणारा तू, त्या दिवशी इतका शहाणा कशाला झालास?

पुढचं मला लिहायचं नाही, पण लिहिते. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधली ती क्लबच्या खोलीतली सभा. ओल्या बुटांचा वास, भिंतीवर जुने चषक, आणि पडद्यावर माझा चौदा पानांचा अहवाल. दोन हंगामांतला प्रत्येक फेकीचा चेंडू मी पाहिला होता, वेळ लावून. निष्कर्ष स्वच्छ होता: रश संघाला तारते, मागची फळी हा कच्चा दुवा आहे. चित्रफितीत मागचे खेळाडू जेव्हा जेव्हा दिसतात, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा चेंडू त्यांच्या हद्दीत झेलला गेलेला असतो. सरावाचा वेळ रशकडे वळवावा. मेहमेतचं नाव मी उदाहरण म्हणून घेतलं होतं. शहराची बस चालवणारा, तुझ्या फळीतला सर्वांत जुना खेळाडू मेहमेत.

कोणीतरी तुला विचारलं, तुझं काय म्हणणं? तू म्हणालास, एकदा मागून बघायला हवं.

त्यावर मी सर्वांसमोर, शुद्ध जर्मनमध्ये म्हणाले, "आपुलकी हा पुरावा नव्हे."

टेबलांवर बोटं टकटकली. टाळ्यांऐवजी इथे तसं करतात. मला ती टकटक आवडली होती! तुझ्याकडे न बघता मी पुढचं पान लावलं.

तुझा गुरुवारचा दीड तासाचा सराव अर्ध्या तासावर आला. मेहमेत बाकावर गेला. अध्यक्षांनी अवघडून तुझ्याकडे पाहिलं तर तू खांदे उडवून म्हणालास, "पास्ट शोन." चालतंय. इथे येऊन तू शिकलेल्या सगळ्या शब्दांत मला हाच अजिबात आवडत नसे. ज्याचं काहीही चालत नसतं तोच माणूस हे म्हणतो.

आणि त्यानंतरही तूच मला गाडीने घरी सोडलंस. माझा प्रोजेक्टर तीन जिने तूच वर आणलास. माझ्या इमारतीला लिफ्ट नाही. दाराशी तू धापा टाकत उभा होतास. मी काय म्हणाले, आठवतं?

"श्वास लागतोय तुला. वजन वाढलंय, कमी कर."

"या, या," जर्मनमध्ये 'हो, हो' म्हणत तू मान डोलावलीस. मग म्हणालास, "ताई, माझ्याकडे मागून घेतलेलं थोडंफार आहे. बघशील?"

"थोड्याफारावर मी काम करत नाही. सगळे सामने, क्रमवार, प्रत्येक चेंडू वेगळा, माझ्या पद्धतीने नावं देऊन, माझ्या तक्त्यात भरून दे. मग बघेन."

"तुझ्या पद्धतीने? मरेन गं मी!"

आणि हसत जिना उतरलास. कठड्याला धरून उतरलास. मी वरून पाहत होते. पाहत होते म्हणजे काय? तू दिसत होतास, इतकंच.

आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या गुरुवारी सराव संपवून तू घरी आलास, बुटाच्या नाड्या सोडायला पायरीवर बसलास, आणि उठला नाहीस. एक बूट पायात होता. गौरी मला हे पुनःपुन्हा सांगते, जणू त्या बुटात काही अर्थ आहे. त्यात काही अर्थ नाही, हे मी तिला सांगत नाही.

निरोपाच्या दिवशी मेहमेत दोन पाळ्यांच्या मधे बसचा गणवेश घालून आला होता. मी त्याला टाळत होते. तोच जवळ आला. टोपी हातात.

"फ्राउ डॉक्टर, तो आम्हाला म्हणायचा, सबंध दिवसात तुझं नाव कोणी घेतलं नाही तर समज, तू उत्तम खेळलास."

मी मान हलवली. मनात म्हटलं, हे पराभूतांचं तत्त्वज्ञान.

"तुमच्यावर मी चिडलो होतो," तो म्हणाला, "तेव्हा मला म्हणाला, बहीण अचूक मोजते. खिडकी तेवढी लहान आहे. मी ती मोठी करून देतोय."

मला वाटलं, दुःखात माणसं काहीही बोलतात. मी त्याच्याशी हात मिळवला आणि पुढच्या माणसाकडे वळले. इतकी घाई होती मला, पुढच्या माणसाची!

आता डिस्क.

आत दोन्ही हंगामांचा आणि शिवाय यंदाचा, प्रत्येक सामन्याचा एक कप्पा. प्रत्येक चेंडूची वेगळी फीत. नावं माझ्या पद्धतीने: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग चेंडूचा क्रमांक. कुठे एक शून्य राहिलेलं नाही. मी चूक शोधत होते, निरू. शपथेवर सांगते, पहिला अर्धा तास मी फक्त चूक शोधत होते. सापडली नाही.

पहिली फीत उघडली आणि तुझा आवाज आला.

मी तयार नव्हते. काळा पडदा, खरखर, आणि एकदम तू: "ताई, रागावू नकोस, कॅमेरा जरा वाकडा आहे. कुंपणाला बुटाच्या नाडीने बांधलाय." मग हात बाजूला झाला आणि गोलच्या मागच्या टेकाडावरून सगळं मैदान पसरलं. दोन्ही संघ. सगळे बावीस. फीत माझा कागद कठड्याला लागल्याच्या नंतरच्या पहिल्याच सामन्याची होती. म्हणजे सभेच्याही आधीपासून, सबंध दोन हंगाम, तू प्रत्येक सामन्याआधी ते टेकाड चढून आपला जुना कॅमेरा बांधून येत होतास, आणि मधल्या वेळेत बॅटरी बदलायला पुन्हा चढत होतास. मला एका शब्दाने न सांगता!

मी सरळ तो चेंडू शोधला, जो माझ्या अहवालाचा मुकुटमणी होता. शेवटच्या मिनिटातली टोबियासची सॅक. टोबियास, तुझ्या शब्दांत सर्वांत मोठा शेंगदाणा. माझ्या चौकटीत ते दृश्य काय देखणं होतं! क्वार्टरबॅक हात उचलतो, खाली घेतो, पुन्हा उचलतो, पुन्हा खाली, आणि टोबियास त्याला उचलून आपटतो. सामना जिंकला. मी लिहिलं होतं: चेंडू हाती आल्यापासून चार सेकंद, फेकणाऱ्याची चलबिचल, रशचं निर्विवाद यश.

चार सेकंद! त्या खेळात चार सेकंद म्हणजे युग, हे तूच मला शिकवलं होतंस. इतका वेळ चेंडू घेऊन कोणी उभं राहत नाही. तो का उभा राहिला, हा प्रश्न मला पडला नाही. मला!

आता मागून पाहिलं. तो पहिल्यांदा हात उचलतो तेव्हा त्याचा सर्वांत वेगवान गडी उजवीकडे पळतो आहे, आणि मेहमेत त्याच्या सावलीवर पाय ठेवून पळतो आहे. हात खाली. दुसऱ्यांदा उचलतो तेव्हा मधला गडी वळतो, आणि तुझा दुसरा खेळाडू वळणावर आधीच उभा आहे. हात खाली. तिसरीकडे बघतो, तिथेही तेच. चारी बाजूंनी दारं बंद झालेल्या घरात उभा असावा तसा तो माणूस चेंडू छातीशी धरून उभा आहे. टोबियास तर तोवर दोनदा अडवला गेला होता. तिसऱ्यांदा पोचला. त्याला तिसरी संधी कोणी दिली?

मी ती फीत अकरा वेळा पाहिली.

मग मला दुसरी गोष्ट कळली. माझा कॅमेरा मागच्या फळीकडे कधी वळायचा? चेंडू तिकडे गेला की. चेंडू तिकडे कधी जायचा? त्यांच्यातला कोणी चुकला आणि समोरचा गडी मोकळा सुटला की. ज्या ज्या वेळी त्यांनी दार बंद ठेवलं, त्या वेळी चेंडू तिकडे गेलाच नाही, आणि कॅमेराही नाही. तुझी माणसं माझ्या पडद्यावर फक्त हरताना यायची! त्यांच्या जिंकण्याची एकही फीत माझ्याकडे नव्हती, कारण त्यांचं जिंकणं म्हणजे तिथे काहीच न घडणं. आणि मी त्या निवडक पराभवांची टक्केवारी काढली. पडद्यावर रंगीत खांब काढून दाखवली.

निरू, मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला काय शिकवते, तू चेष्टेने म्हणून दाखवायचास: उपकरणाला काय दिसतं ते नंतर विचारा, काय दिसत नाही ते आधी विचारा. प्रबंध परत करते मी यावरून. एका मुलीला वर्षभर मागे पाठवलं होतं. आणि माझं स्वतःचं उपकरण मी नऊ कलमांनी आंधळं करून, लॅमिनेट करून, कठड्याला बांधून आले होते.

अजून आहे. तुझा तक्ता. माझेच रकाने, पण शेवटी तू एक तुझा जोडला आहेस: 'कोणामुळे?' मला वाटलं, आता सगळीकडे आपल्या फळीची नावं लिहिली असशील. मी तरी लिहिली असती. तू काय लिहिलंस? मेहमेतने झेप घेऊन चेंडू मधल्या मधे पकडला, ज्यावर सगळं मैदान उभं राहिलं होतं, त्या ओळीत लिहिलंस: 'टोबियासमुळे. त्याने फेकणाऱ्याचा हात हलवला. मेहमेतला आयता मिळाला.' असं किती ठिकाणी! जिथे तुझे चुकले आणि रशने झाकलं, तिथे तेही. आणि बहुतेक ओळींत एकच शब्द: 'दोघांमुळे'. सात वर्षं आपण ज्यावर भांडलो त्याचं उत्तर तू इतक्या शांतपणे रकान्यात लिहून ठेवलंस. स्वतःच्या माणसांविरुद्ध तू माझ्यापेक्षा कडक निघालास. आपुलकी हा पुरावा नव्हे म्हणे! तुला म्हणाले मी हे. तुला!

इथवर मी चुकल्याची शरम सोसत होते. शरम सोसता येते. यानंतर जे दिसलं ते मी कसं लिहू?

प्रत्येक सामन्याच्या पहिल्या फितीत तू खालून चढून येताना दिसतोस. आधी कॅमेरा सुरू करून ठेवायचास, मग खाली जाऊन पाण्याची बाटली घेऊन परत यायचास. फीत कापताना हा भाग तू काढला नाहीस. नजरचुकीने राहिला असेल. किंवा मी म्हटलं होतं म्हणून, की मूळ चित्रणातलं काहीही कापायचं नाही. पहिल्या हंगामात तू ते टेकाड गाणं गुणगुणत एका दमात चढतोस. पुढच्या वर्षी गाणं नाही. यंदाच्या एप्रिलमध्ये मध्यावर कुंपणाला हात लावतोस. जूनमध्ये थांबतोस. ऑगस्टच्या शेवटच्या सामन्याला दोनदा थांबतोस, दुसऱ्यांदा वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग वर येतोस, चेहरा कॅमेऱ्याजवळ येतो, आणि म्हणतोस, "चला, ताई, बॅटरी एक."

मी मोजलं, निरू. मला मोजल्याशिवाय राहवलं नाही. घड्याळ लावून, सामन्यामागून सामना, तू ते टेकाड किती वेळात चढलास ते मी कागदावर उतरवून काढलं, आणि ते आकडे एका ओळीत वाढत गेले, इतक्या सुबक रीतीने की एखाद्या विद्यार्थ्याने आणले असते तर मी विचारलं असतं, हे खरे आहेत ना? खरे आहेत! तो कागद आत्ता या पत्राखाली आहे. काय करू मी त्याचं?

गौरीला माहीत होतं. हृदयाच्या डॉक्टरांकडचा तुझा टेर्मिन, म्हणजे भेटीचा दिवस, नोव्हेंबरचा होता. त्याआधीची तारीख मिळाली नव्हती. ताईला सांगू नकोस, असं तू तिला बजावलं होतंस. "ताईचा यंदाचा अहवाल चाललाय, तिला मधे त्रास नको." काल हे सांगताना गौरीने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या मागेही तू असाच उभा होतास ना, दार धरून? आईचे पुण्याचे अडीअडचणीचे फोन तुला जायचे, मला कधीच नाही. तूच तिला तसं सांगून ठेवलं असणार. मी समजत होते, आईला माझ्या कामाची कदर आहे.

तुझ्यावर माझा राग आहे. एक ओळ रागाची लिहू दे. मला एकदा हाक मारली असतीस! टेकाडाच्या मध्यावरून, मोठ्याने, सगळ्या क्लबला ऐकू जाईल अशी. मी मचाणाखालीच बसलेली असायचे, घड्याळ घेऊन.

बस. आता मी काय करणार आहे ते सांगते.

शुक्रवारी क्लबच्या सभासदांची सभा आहे. तुझ्या आठवणीसाठी दोन शब्द बोला, असं त्यांनी मला कळवलं होतं आणि मी एक सुरेख, संयत भाषण लिहून ठेवलं होतं. ते फाडलं. त्याऐवजी मी माझा अहवाल मागे घेईन. आजवर माझ्या एकाही निबंधाला शुद्धिपत्र जोडावं लागलेलं नाही, आणि हे मी न विचारता लोकांना सांगत आले आहे. त्याच तोंडाने सांगेन की चूक किरकोळ नव्हती, पायातली होती. तुझा चेंडू दाखवेन, आधी माझ्या चौकटीतून, मग तुझ्या. मेहमेतची माफी मागेन, त्याचं नाव घेऊन. नाव मी घेतलं होतं तसंच. कोणी टकटक केली तर थांबवेन. कठड्याचा तो कागद मी स्वतः सोडेन. तो तिथे असेतो होर्स्ट झूम कमी करणार नाही, हे तू म्हणालासच होतास.

नव्या अहवालावर दोन नावं असतील आणि आधी तुझं असेल. मी कधी कोणाचं नाव माझ्या आधी येऊ दिलं नाही, हे तुला माहीत आहे. ऑगस्टच्या त्या शेवटच्या सामन्याच्या फिती तू कापून ठेवल्यास, पण 'कोणामुळे?'चा रकाना रिकामा आहे. तो मी भरेन. रात्रंदिवस मागून बघून भरेन, आणि जिथे कळणार नाही तिथे 'कळत नाही' असं लिहीन. माझ्या कुठल्याही तक्त्यात आजवर हे दोन शब्द आलेले नाहीत.

आणि एप्रिलमध्ये पहिला सामना असेल तेव्हा कॅमेरा बांधायला टेकाडावर मी चढेन. ती नाडी गौरीकडून मागून घेईन. माझंही वय झालंय. मध्यावर दम लागेलच. तेव्हा मी कुंपणाला धरून उभी राहीन, आणि खाली जो कोणी दिसेल त्याला, मेहमेत असो, होर्स्ट असो, मोठ्याने हाक मारीन. वचन देते, निरू. हाक मारीन.

तुझी,
ताई